पट्टीनं आखलेला खंड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी ३१ वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या शिक्षकाकडे तासांशिवाय आणखी बरीच कामं असतात. गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, फळ्यावर सुविचार लिहायचे, पाहुणे येणार असले की रांगोळी काढायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत व्हरांड्यातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पुन्हा नवा करायचा. भूगोलाच्या बाई खाली पुस्तक धरून उभ्या राहायच्या आणि मी स्टुलावर. युरोप काढताना जीव मेटाकुटीला यायचा. नॉर्वेचा किनारा म्हणजे उंदरानं कुरतडलेली किनार. आफ्रिका मात्र झटपट व्हायची. बाहेरची रेघ एकदा काढली की आतलं बरंचसं काम पट्टीचं. इजिप्त आणि लिबिया यांच्यामध्ये उभी रेघ, इजिप्त आणि सुदान यांच्यामध्ये आडवी. मदतीला आलेल्या मुलांना मी म्हणायचो, "देवानं हा खंड ड्रॉइंग मास्तरच्या सोयीसाठी केलाय." मुलं हसायची. मीही हसायचो.

या रेघा सरळ का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आपल्याकडच्या दोन गावांची शीव पाहा. ती ओढ्याच्या काठानं जाते, एखाद्या वडाला वळसा घालते, म्हसोबाच्या दगडापाशी अडखळते. कारण ती माणसांनी चालून, भांडून, तडजोड करून ठरवलेली असते. सरळ रेघ तोच काढू शकतो, ज्याला त्या जमिनीवरून चालायचं नसतं.

पुढे निवृत्त झाल्यावर आमच्या वरच्या खोलीत एक मुलगा भाड्यानं राहायला आला. घानाच्या राजधानीतला, आक्रा शहरातला. पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होता. मला 'अंकल' आणि हिला 'काकू' म्हणायचा. 'काकू' हे त्यानं शेजारच्या पोरांकडून उचललं होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं, "काय रे, तुमच्याकडे सिंह अगदी घराजवळ येतात का?" तो शांतपणे म्हणाला, "अंकल, सिंह मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो तुमच्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये. जाळीच्या बसमधून." आम्ही तिघंही हसलो. पण रात्री मला झोप लागेना. भिंतीवर मी जी आफ्रिका रंगवत होतो, तीच माझ्या डोक्यातही रंगवलेली होती. सपाट, एकरंगी आणि आत एक सिंह.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते अशा काही कलावंतांविषयी, ज्यांनी डोक्यातला हा नकाशा पुसायचं काम हाती घेतलं. हे चित्रकार, शिल्पकार आफ्रिकेत राहणारे आहेत किंवा आफ्रिकेतून जाऊन लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क अशा शहरांत वसलेल्या घरांतले आहेत. साहेबानं जगाला 'ठिकाण' या शब्दाचा एक अर्थ शिकवला होता. पहिली गोष्ट, आम्ही पोचेपर्यंत ते ठिकाण कोरं होतं. दुसरी गोष्ट, प्रत्येक ठिकाणची माणसं आणि त्यांची कला ठरलेली असते. तिनं 'अस्सल' राहावं आणि आपल्या जागी राहावं. तिसरी गोष्ट, काही ठिकाणांनी कच्चा माल द्यायचा असतो आणि काही ठिकाणांनी अक्कल. या तिन्ही गोष्टींना हे कलावंत कसं उत्तर देतात, ते पाहू.

सुरुवात त्या सरळ रेघांपासूनच करू. १५ नोव्हेंबर १८८४ रोजी बर्लिनमध्ये एक परिषद सुरू झाली आणि ती २६ फेब्रुवारी १८८५ पर्यंत चालली. १४ देशांचे प्रतिनिधी आले होते. अमेरिका सोडली तर बाकीचे युरोपच्या बाजूचे. विषय आफ्रिकेचा आणि आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नाही. सगळ्या सीमा त्या टेबलावरच आखल्या गेल्या असं अनेकदा सांगितलं जातं, ते तितकंसं खरं नाही. तिथे ठरले ते ताबा घेण्याचे नियम. प्रत्यक्ष रेघा पुढच्या काही वर्षांत देशादेशांमधल्या करारांतून पडत गेल्या. इजिप्त आणि सुदान यांच्यामधली माझी ती आडवी रेघ १८९९ च्या करारातली आहे आणि ती सरळ २२ अक्षांशावरून जाते.

या परिषदेवर यिंका शोनिबारे यांनी २००३ मध्ये एक मांडणशिल्प केलं. 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका' हे त्याचं नाव. आफ्रिकेसाठी झालेली झोंबाझोंबी, असं आपण म्हणू. लांबलचक टेबलाभोवती माणसाच्या उंचीचे १४ पुतळे बसले आहेत. टेबलाच्या फळीवरच आफ्रिकेचा नकाशा आहे. पुतळ्यांचे हात हवेत आहेत. कुणी मुद्दा मांडतोय, कुणी कुणाला थांबवतोय. अंगावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले रुबाबदार कोट. आणि एकाच्याही धडावर डोकं नाही. एवढी मोठी वाटणी चालली आहे आणि टेबलावर डोकं एकही नाही, हा विनोद मुलांनाही समजेल. पण डोकं नसल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. चेहरा नाही, म्हणून ही माणसं कोणत्या वंशाची हे ठरवता येत नाही. कातडीचा रंग पाहून ठिकाण ठरवण्याची आपली सवय तिथे अडखळते.

त्याहून गमतीची गोष्ट कोटांच्या कापडात आहे. कोट इंग्रजी शिलाईचे, पण कापड भडक पिवळं, निळं, तांबडं, मोठमोठ्या नक्षीचं. पाहणारा लगेच म्हणतो, हे आफ्रिकेचं कापड. इथे मला पुन्हा आमच्या वरच्या खोलीतला मुलगा आठवतो. एकदा त्याच्या आईनं हिच्यासाठी कापड पाठवलं. घडी उलगडून मोजलं तर बरोबर सहा वार! तिकडच्या बाजारात ते सहा वारांच्या हिशेबानंच विकतात, हे ऐकून हिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "वा, अस्सल आफ्रिकन!" त्यानं कापडाची किनार माझ्यापुढे धरली. तिच्यावर बारीक अक्षरांत हॉलंडचं नाव छापलेलं होतं.

त्या कापडाची कुळकथा अशी. मेण लावून रंगवायची बाटिकची कला जावा बेटातली. जावा तेव्हा डचांच्या ताब्यात. एकोणिसाव्या शतकात डच कारखानदारांनी ती नक्षी यंत्रावर छापायचा घाट घातला. जावातल्याच लोकांना स्वस्तात विकायची, असा बेत. जावात तो माल फारसा चालला नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र तो असा खपला की पुढे कारखाने त्याच गिऱ्हाइकासाठी नक्ष्या काढू लागले. हॉलंडमधल्या हेल्मंड गावात १८४६ मध्ये सुरू झालेली व्लिस्को ही कंपनी आजही हेच कापड करते. शिवाय चीनमधून स्वस्त नकला येतात. पण गोष्ट इथे संपत नाही. कापड हॉलंडचं असलं तरी त्याला नावं देतात त्या घानाच्या बाजारातल्या व्यापारी बायका. उडत्या पक्ष्यांची एक नक्षी आहे, तिचा अर्थ 'पैशाला पंख असतात'. कापड कुठून आलं याला एक उत्तर आणि कापड कुणाचं याला दुसरं.

शोनिबारे यांचा जन्म १९६२ चा, लंडनमधला. तीन वर्षांचे असताना आईवडील नायजेरियात लागोसला परतले. पुढे शिक्षणासाठी ते पुन्हा इंग्लंडला आले. कला महाविद्यालयात असताना ते रशियातल्या बदलांवर काम करत होते. तेव्हा एका शिक्षकांनी त्यांना विचारलं, तू अस्सल आफ्रिकन काही का करत नाहीस? या प्रश्नाचं उत्तर शोधत ते लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारात गेले आणि तिथे त्यांना या कापडाचा जावा, हॉलंड, आफ्रिका असा प्रवास कळला. 'अस्सल' मागणाऱ्याच्या हातात त्यांनी हेच कापड ठेवलं. एक शिक्षक म्हणून मला त्या दुसऱ्या शिक्षकाची लाज वाटत नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. सिंहाचं विचारलंच होतं.

मुलीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाबाहेर शोनिबारे यांचं एक काम डोळ्यांनी पाहिलं. भलीमोठी काचेची बाटली आणि आत सेनापती नेल्सन यांच्या 'व्हिक्टरी' जहाजाची प्रतिकृती. जहाज हुबेहूब, पण ३७ च्या ३७ शिडं त्या रंगीत कापडाची. हे काम आधी २०१० मध्ये ट्रफाल्गर चौकातल्या चौथ्या, रिकाम्या चौथऱ्यावर होतं. म्हणजे नेल्सन यांच्याच स्तंभासमोर. नंतर लोकांनी वर्गणी काढून ते कायमचं ठेवून घेतलं. आरमारानं समुद्र जिंकले, पण त्याच समुद्रावरून माणसं, कापडं, भाषा लंडनला आल्या, असं ते जहाज सांगतं. आमच्या शेजारी उभी असलेली इंग्रज आजी नातवाला म्हणत होती, बघ, किती सुंदर शिडं! तिला राग आला नव्हता. मला ते फार आवडलं.

आता दुसरं ठिकाण. घानाच्या उत्तर भागातलं तमाले शहर. तिथले इब्राहिम महामा १९८७ चे, म्हणजे वयानं तरुणच. यांचं मुख्य साहित्य म्हणजे गोणपाट. होय, आपलं साधं तरट. घाना हा कोकोचा मोठा उत्पादक देश. कोको भरायला लागणारी तागाची पोती बाहेरून येतात. ताग पिकतो आपल्याकडे, म्हणजे भारतात आणि बांगलादेशात. पोतं आधी कोको भरून बंदरावर जातं. जुनं झालं की त्यात तांदूळ, मका, शेवटी कोळसा भरतात. प्रत्येक टप्प्यावर त्याच्यावर शिक्का बसतो, मालकाचं नाव येतं, फाटलं की ठिगळ लागतं. महामा बाजारात जाऊन नवी पोती देतात आणि ही जुनी घेतात. मग पोटापाण्यासाठी शहरात आलेली माणसं ती दाभण-सुतळीनं एकमेकांना शिवतात आणि त्या एकसंध गोणपाटानं सबंध इमारती झाकल्या जातात. २०१५ मध्ये व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात जुन्या आरमारी गोदीतल्या एका लांबलचक गल्लीच्या दोन्ही भिंती त्यांनी अशा झाकल्या होत्या. चॉकलेट खाणाऱ्या युरोपच्या अंगावर चॉकलेटचं पोतं!

पोत्याचं एक वैशिष्ट्य आपण मार्केट यार्डात रोज पाहतो. त्याला कुणी विचारत नाही, तू कुठलं? पण ते सगळ्यांच्या खांद्यावरून गेलेलं असतं. महामा यांच्या गोणपाटावर शिक्के आणि नावं शोधत माणसं थांबतात. एखाद्या ठिकाणाचा इतिहास म्हणजे त्या ठिकाणाहून काय नेलं एवढाच नसतो, तो कुणी वाहिला हेही त्यात असतं.

महामा यांची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजांनी 'गोल्ड कोस्ट' म्हणजे आजच्या घानामध्ये रेल्वे टाकली, ती दक्षिणेत. सोनं, कोको, लाकूड बंदरापर्यंत न्यायला. उत्तरेत माल नव्हता, होती ती कामाला जाणारी माणसं. म्हणून तिकडे रूळ गेलेच नाहीत. तमालेला रेल्वे कधी आलीच नाही. महामा यांनी काय केलं? चित्रं, शिल्पं विकून मिळालेल्या पैशातून भंगारात निघालेले जुने रेल्वे डबे आणि मोडीत काढलेली विमानं विकत घेतली आणि ती ट्रकवर लादून आपल्या गावी आणली. २०१९ मध्ये त्यांनी तमालेत कलाकेंद्र सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी शहराबाहेर 'रेड क्ले' नावाचा मोठा स्टुडिओ खुला केला. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. शाळेतली पोरं डब्यांत चढतात, विमानात बसून वर्ग भरवतात. ज्या गावाला साहेबानं नकाशात फक्त मजुरांचा पुरवठा म्हणून धरलं, तिथे आज जगभरचे लोक वाट काढत येतात. ही मला कोणत्याही शिल्पाइतकी मोठी गोष्ट वाटते.

काँगोचे सॅमी बालोजी हे छायाचित्रकार. जन्म १९७८, लुबुंबाशी शहरात. हे शहर १९१० मध्ये बेल्जियनांनी तांब्याच्या खाणींसाठी वसवलं आणि आपल्या राणीच्या नावावरून त्याला एलिझाबेथव्हिल म्हटलं. नव्या जागेला आपल्या घरातलं नाव द्यायचं, म्हणजे आधी तिथे काही नव्हतंच असं वाटतं. खाणी चालवणारी कंपनी गब्बर झाली. याच काटांगा प्रांतातल्या शिंकोलोब्वेच्या खाणीतून अमेरिकेच्या अणुबॉम्बसाठी युरेनियम गेलं. स्वातंत्र्यानंतर खाणी सरकारकडे आल्या आणि पुढे मोडकळीला आल्या. बालोजी यांनी २००६ च्या सुमारास 'मेम्वार', म्हणजे 'स्मृती', ही छायाचित्रांची मालिका केली. पाठीमागे आजच्या ओसाड कारखान्यांची, राखेच्या टेकड्यांची रंगीत छायाचित्रं. त्यांच्यापुढे कंपनीच्या दप्तरातल्या जुन्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांतून कापून काढलेली माणसं: रांगेत उभे केलेले मजूर, साखळीतले कैदी, टोपीतले साहेब. जणू ही सगळी आत्ताच परत आली आहेत आणि आपण केलेल्या कामाचं काय झालं ते पाहताहेत. बालोजी कुणाची बाजू घेऊन ओरडत नाहीत. ते फक्त जागा आणि माणसं पुन्हा समोरासमोर उभी करतात. नकाशात नुसतं 'तांबे' असं लिहिलेलं असतं, तिथे माणसं होती, एवढंच.

यानंतर एल अनात्सुई. वयानं ज्येष्ठ, जन्म १९४४, घानातल्या खाडीकाठच्या अन्याको गावचा. हे इवे समाजातले. या समाजाचं वैशिष्ट्य, म्हणजे दुर्दैवच म्हणा, असं की साहेबाची रेघ बरोबर त्यांच्यामधून गेली. अर्धे इंग्रजांकडे, अर्धे जर्मनांकडे आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांचा वाटा इंग्रज आणि फ्रेंच यांनी पुन्हा वाटून घेतला. आज भाऊबंद घानात आणि टोगोत विभागले गेले आहेत. अनात्सुई स्वतः १९७५ मध्ये नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात शिकवायला गेले आणि तिथेच रमले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांना रस्त्याकडेला दारूच्या बाटल्यांच्या झाकणांची एक पिशवी पडलेली सापडली. झाकणं पत्र्याची, वर कंपन्यांची नावं. ती ठोकून, दुमडून, भोकं पाडून त्यांनी तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडली. हजारो झाकणं जोडली की पत्र्याचं कापड होतं. लांबून पाहिलं तर जरतारी शालू आणि जवळ गेलं तर दारूचं झाकण. ही निवड उगाच नाही. युरोपातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आलेल्या मालात दारू होती आणि तिच्या बदल्यात माणसं गेली. ती माणसं अटलांटिकपलीकडच्या उसाच्या मळ्यांत राबली, तिथल्या मळीची पुन्हा दारू झाली. बाटलीचं झाकण हे त्या तीन किनाऱ्यांना जोडणारं एक कडं आहे.

पण अनात्सुई यांचा खरा मुद्दा मला वेगळाच वाटतो. त्यांच्या या पडद्यांना ठरलेला आकार नाही. घडी घालून पेटीत ठेवतात. जिथे जाईल तिथल्या माणसांनी आपल्या भिंतीप्रमाणे तो लावायचा; चुण्या कुठे पाडायच्या, कुठे सोडायचा, हे त्यांनीच ठरवायचं. म्हणजे तोच पडदा लागोसला वेगळा आणि लंडनला वेगळा. २००७ मध्ये व्हेनिसमध्ये त्यांनी एका जुन्या वाड्याचा दर्शनी भागच अशा पडद्यानं झाकला. २०१५ मध्ये तिथल्याच प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड दालनात त्यांचा तांबडा पडदा जहाजाच्या शिडासारखा फुगला. ज्यांच्या गणगोतामधून एक पक्की, न हलणारी रेघ गेली, त्या माणसानं पक्का आकारच नाकारावा, याला मी योगायोग म्हणणार नाही. तसं त्यांनी कुठे बोलून दाखवलं आहे असं मात्र नाही. हा माझा तर्क समजा.

तिसऱ्या गोष्टीकडे येतो: अक्कल कुठून येते? फार वर्षं असं होतं, की कला आफ्रिकेची असली तरी ती चांगली की वाईट हे ठरायचं पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये. हे बदलणाऱ्यांत एक नाव ओक्वुई एन्वेझोर यांचं. नायजेरियात कालाबारला १९६३ मध्ये जन्मलेले, २०१९ मध्ये निवर्तले. जर्मनीतल्या कासेल गावात दर काही वर्षांनी 'डॉक्युमेंटा' नावाचं अवाढव्य प्रदर्शन भरतं. २००२ मध्ये ते एन्वेझोर यांच्याकडे आलं; युरोपबाहेरचा माणूस पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसला. त्यांनी काय केलं, तर प्रदर्शनाला कासेलमध्ये सुरुवातच केली नाही. आधी व्हिएन्ना, मग २००१ च्या मे महिन्यात आपलं नवी दिल्ली, नंतर कॅरिबियन समुद्रातलं सेंट लुशिया आणि मग लागोस अशा ठिकाणी चर्चासत्रं भरवली. दिल्लीचा विषय होता, अन्याय झालेल्या समाजात सत्य आणि समेट कसा घडतो. कासेल हा प्रवासाचा शेवटचा मुक्काम ठरला. जगाचा मध्य एकच नसतो, हे त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकासारखं साधेपणानं सिद्ध केलं.

आता मी नभोवाणीवर बोलतोय, म्हणून एका आवाजाच्या कलावंताचा उल्लेख केलाच पाहिजे. एमेका ओगबो, नायजेरियाचे. लागोस शहराचे आवाज ते टिपत असतात. तिथे 'दान्फो' नावाच्या पिवळ्या मिनीबस चालतात आणि त्यांचे कंडक्टर दारात लटकून थांब्यांची नावं एका दमात पुकारतात. आपल्याकडे सहाआसनीवाले "स्वारगेट, स्वारगेट, स्वारगेट" ओरडत, त्याच चालीत. हे आवाज त्यांनी परदेशांतल्या शांत दालनांत नेऊन लावले. नकाशा मुका असतो, वरून पाहिलेला असतो. कानानं ऐकलेलं शहर खालून, गर्दीतून ऐकू येतं. २०१५ मध्ये व्हेनिसमध्ये त्यांनी आणखी एक धाडस केलं. जर्मनीचं राष्ट्रगीत त्यांनी बर्लिनमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी मंडळींकडून १० आफ्रिकी भाषांत गाऊन घेतलं. चाल तीच, शब्दांचा अर्थ तोच, भाषा इग्बो, योरुबा, लिंगाला अशा. ऐकणाऱ्या जर्मन माणसाला आपलंच गाणं ओळखता येतं आणि समजत मात्र नाही. परक्या देशात राहणाऱ्याला रोज असंच होत असतं. पोटासाठी गाव सोडलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

श्रोतेहो, आता एक शंका. ती तुमच्याही मनात आली असेल. ही सगळी कामं शेवटी मांडली जातात ती लंडन आणि व्हेनिसमध्येच ना? विकली जातात तीही तिथल्याच लिलावांत. मग साहेबाला टोमणे मारून साहेबाकडूनच वाहवा घ्यायची, असा हा मामला तर नव्हे? शंका खोटी नाही. गोणपाट विमानानं सहज जातं. ते शिवणाऱ्या माणसाला व्हिसा मिळवणं तितकं सोपं नसतं. कलेनं सीमा पुसल्या जात नाहीत, हे कबूल केलंच पाहिजे. १९६४ मध्ये कैरोला जमलेल्या स्वतंत्र आफ्रिकी देशांनीही साहेबाच्या सीमा तशाच पाळायचं ठरवलं, कारण त्या बदलायला जावं तर घराघरांत लढाई पेटली असती. रेघ चुकीची आहे हे कळणं वेगळं आणि ती पुसता येणं वेगळं.

पण याच शंकेला उत्तर म्हणून महामा यांचं तमालेचं केंद्र उभं आहे. शोनिबारे यांनीही २०२२ मध्ये लागोसला कलावंतांना राहून काम करता येईल अशी वास्तू खुली केली. तिकडे मिळालेलं इकडे आणलं जातंय. आणि मला वाटतं, या कलावंतांचं खरं काम सीमेवर नसून आपल्या डोळ्यांवर आहे. 'हा माणूस कुठला' हे आपण पाहताक्षणी ठरवून टाकतो. पुण्यात घर भाड्यानं मागायला आलेल्या आफ्रिकी मुलांना किती दारं बंद होतात, हे मला आमच्या त्या मुलानं सांगितलं. आमच्याकडे येण्याआधी तो ११ ठिकाणी फिरला होता. जागा रिकामी आहे का असं फोनवर विचारलं की 'हो' आणि दारात उभा राहिला की 'आत्ताच गेली'. ती ११ घरं म्हणजे साहेब नव्हे, आपणच. तोच नकाशा आपल्याही भिंतीवर आहे.

भिंतीचा विषय निघालाच आहे, तर तिथेच थांबतो. आपण शाळेत जो नकाशा काढतो, त्यात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. आपला भारत तिच्यात नऊ वेळा मावेल. ती जुनी पद्धत जहाजांना दिशा सापडावी म्हणून सोळाव्या शतकात निघाली. तिच्यात ध्रुवांकडचे देश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे आक्रसतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकन युनियननं हा नकाशा बदलून क्षेत्रफळ खरं दाखवणारा नकाशा वापरावा, या मागणीला पाठिंबा दिला.

ती बातमी वाचली आणि दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. म्हटलं, भिंत पुन्हा रंगवू दे. स्टुलावर आता मला चढवत नाही, म्हणून खाली खुर्चीवर बसलो आणि मुलांकडून काढून घेतलं. रेघा तशाच सरळ आल्या, त्या बदलणं माझ्या हातात नव्हतं. ड्रॉइंग मास्तरच्या सोयीचा विनोद मात्र मी केला नाही. त्या रेघा कशा पडल्या ते सांगितलं. नव्या मापानं काढताना आफ्रिकेचं खालचं टोक थेट खिडकीच्या चौकटीला जाऊन भिडलं. सातवीतल्या एका मुलीनं ब्रश बाजूला धरून विचारलं, "सर, आफ्रिका एवढी मोठी कधी झाली?"

मी म्हटलं, "बाळ, ती पहिल्यापासून एवढीच होती. आपल्या भिंतीवर मी लहान काढत होतो."